डाव मांडणाऱ्याची जबाबदारी



नेमबाजी म्हटली की स्तब्ध उभा माणूस आणि समोरचे स्थिर लक्ष्य, एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. १९७६ साली अमेरिकेत, मिसूरी राज्यातील कोलंबिया येथे, जेफ कूपर प्रभृतींनी व्यावहारिक नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापिली. अचूकता, शक्ती आणि वेग हे तिचे ब्रीद. याच वळणाच्या एका खेळात पिस्तूल, रायफल व छऱ्यांची बंदूक धावतपळत हाताळावी लागते.

संघटनेचा हिशेब सोपा आहे: गुणांना सेकंदांनी भागावयाचे. २० सेकंदांत १०० गुण म्हणजे ५. १५ सेकंदांत ९० गुण म्हणजे ६. दुसरा जिंकला!

असा डाव मांडणाऱ्याने प्रश्न घालावा, उत्तर सांगू नये. कोणते लक्ष्य कोठून टिपावे, हे खेळाडूने ठरवावे. मात्र नळीचे तोंड मागे वळता कामा नये. वळले की त्याला स्पर्धेतून बाद करतात. म्हणून मांडणाऱ्याने निष्णाताच्या नव्हे, गोंधळलेल्या नवख्याच्या पावलांनी डाव चालून पाहावा. आडोसा चुकीच्या जागी उभारल्यामुळे त्याची नळी पंचाकडे वळली, तर निम्मा दोष मांडणाऱ्याचा.

सरावाचेही तसेच. शस्त्र रिकामे आहे हे दोनदा पाहून, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, उचलणे, रोखणे, चाप ओढणे यांची घरीच आवर्तने करावयाची. मैफल घटकाभराची, रियाज वर्षांचा! प्रेक्षकाला वेग दिसतो. त्यामागचा संयम दिसत नाही. खेळाचा प्राण मात्र त्या संयमातच आहे.