पाणी वाहिलं, पण कुणी?

जिंतूर, सेलू, पाथरी, पालम, पूर्णा इथून एसटीनं, फटफटीवर, मिळेल त्या वाहनानं गंगाखेडला आलेल्या भाषाशिक्षक मित्रमैत्रिणींनो,

मघाशी बाईंनी माझी ओळख 'ओघवते वक्ते' अशी करून दिली. आपल्याकडे हे विशेषण जपून ऐकावं लागतं. पुष्कळदा त्याचा अर्थ 'वेळेत न थांबणारा' एवढाच असतो. जेवणाची वेळ मला दिसते आहे, तेव्हा काळजी नसावी. पण त्या शब्दानं माझं एक काम सोपं केलं. इंग्रजीत अशा वक्त्याला फ्लुएंट म्हणतात, आणि फ्लुएंटच्या पोटात लॅटिनमधलं फ्लुएरे हे क्रियापद आहे. निवृत्तीनंतर गुडघे कुरकुरायला लागले, फिरणं कमी झालं, म्हणून लॅटिनचं एक जुनं व्याकरण घेऊन बसलो होतो. त्यात फ्लुएरे आलं. समोर पेन्सिलीनं 'वाहणे' लिहिलं आणि पान उलटलं. चार दिवसांनी परत मागं गेलो आणि तो शब्द खोडला. का खोडला, तेच आज सांगायचं आहे.

रोमन माणूस फ्लुएरे कशाकशाला वापरी ते पाहा. नदीला तर वापरीच. शिवाय खांद्यावर मोकळे सोडलेले केस, अंगावरचा सैल झगा, वेशीतून बाहेर पडणारी गर्दी, हातातून गळून पडणारी शस्त्रं, या सगळ्यांना तेच क्रियापद. वळण लागत नाही, अडत नाही, कुणाला जोर लावावा लागत नाही, असं जे जे काही, ते फ्लुएरे. ताऱ्यांमधून माणसावर काहीतरी झिरपतं असं जुने ज्योतिषी मानत. त्यावरून इन्फ्लुअन्स आला. तोच शब्द इटलीत साथीच्या तापाला चिकटला आणि इन्फ्लुएंझा होऊन आपल्या दवाखान्यांपर्यंत पोचला. पैसा ज्याच्याकडे आपोआप वाहत येतो तो ॲफ्लुएंट. या सगळ्या गोतावळ्यात घाम कुठंच नाही. ओझं नेण्यासाठी लॅटिननं वेहेरे हे वेगळं क्रियापद ठेवलं. त्यातून व्हेइकल निघालं.

आणि गंमत अशी, की आपल्या 'वाहणे'चं रक्ताचं नातं आहे ते या वेहेरेशी. संस्कृतातला वह् हा धातू मुळात ओझ्याचा. बैल गाडी वाहतो, घोडा स्वार वाहतो, तो वह्. वाहन त्यातलं, विवाहही त्यातलाच. मुलीला वाहून नेणं, असा तो सरळ अर्थ आहे. संस्कृतात वाहत्या पाण्यासाठी धातूंची वाण नव्हती. स्रु होता, सृ होता, द्रु होता. खुद्द 'नदी' हा शब्द नद् म्हणजे गर्जणे यातून आला. एवढी निवड समोर असताना मराठीनं नदीसाठी ठेवलं ते हमालाचं क्रियापद. 'ओघ'सुद्धा कोशकार वह् धातूकडेच नेतात. म्हणजे बाईंनी मला 'ओझं वाहणारा वक्ता' म्हटलं, असं मी समजून घेतो.

सोयरीक जुळवताना मात्र कानावर विश्वास ठेवू नये. फ्लुएरे आणि संस्कृत प्लु कानाला सख्खे भाऊ वाटतात, पण त्यांचं कूळ वेगळं. पायातली वहाण चालवते, म्हणून ती 'वाहन'ची बहीण असेल असं मीही वर्गात एकदा ठोकून दिलं होतं. ती आली 'उपानह्'मधून. आणि 'वाहवा' तर फारसीची पाहुणी. उलट जिथं नातं असेल असं स्वप्नातही येत नाही तिथं ते निघतं. पूर्णा जंक्शनवर मालगाडीच्या डब्याला जुने रेल्वेवाले 'वाघीण' म्हणत, अजूनही म्हणतात. ती इंग्रजी वॅगन आहे, आपल्या जिभेवर येऊन तिला मिशा फुटल्या. पण वॅगन आणि वाहन यांचं मूळ एकच! १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली गाडी आपल्या शेजारी लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. वाघिणींनी पाणी वाहिलं असं म्हटलं, तर एकाच धातूची दोन लेकरं हजारो वर्षांनी एका वाक्यात भेटतात.

हे 'पाणी वाहिलं' जरा धरून ठेवा. व्याकरणाच्या तासाला आपण उभयविध क्रियापदं शिकवतो. दार उघडलं, त्यानं दार उघडलं. काठी मोडली, त्यानं काठी मोडली. वाहणे त्याच पंगतीत बसतं, पण अवघडून. दार उघडणारा कुणीही असो, घडतं ते एकच. 'पाणी वाहिलं' याची मात्र दोन चित्रं डोळ्यांपुढं येतात आणि ती एकमेकांना छेद देतात. एकात ओढा भरून चाललाय आणि बाया काठावर निवांत धुणं धुताहेत. दुसऱ्यात ओढा कोरडाठाक आहे आणि त्याच बाया डोक्यावर चुंबळ ठेवून हेलावर हेल घालताहेत. कर्तरी आणि कर्मणी या दोन प्रयोगांमधलं अंतर आम्ही फळ्यावर खडूनं दाखवायचो. आपल्या जिल्ह्यात ते अंतर गावापासून विहिरीपर्यंतचं आहे. पाणी स्वतः वाहायचं थांबलं, की बाईनं वाहायला घ्यायचं. लॅटिनला ही सांगड घालता येत नाही, कारण तिथं दोन्ही कामांना दोन क्रियापदं आहेत. मराठीत एकच आहे, आणि मराठवाड्यात ते कधी रिकामं बसत नाही.

बहात्तरचा दुष्काळ आमच्या पिढीनं पाहिला. तेव्हा पाण्याबरोबर मातीही वाहिली गेली. पाझर तलावांवर, नालाबंडिंगवर, रस्त्यांच्या कामांवर खडी फोडायची, पाट्या वाहायच्या, हजेरीपटावर अंगठा द्यायचा. त्या कामांतूनच पुढं रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. मैला वाहण्याची गोष्ट तर आपण सभेत काढतच नाही. ती प्रथा बंद करायला १९९३ मध्ये एक कायदा करावा लागला आणि तो पुरला नाही म्हणून २०१३ मध्ये दुसरा. वाहणे या क्रियापदाचा कर्ता कोण असतो, हा प्रश्न निव्वळ व्याकरणाचा नाही, एवढं इथं म्हणून पुढं जातो.

शेतातही हे क्रियापद राबतं. 'हे रान कोण वाहतं?' असं खेड्यात विचारलं, तर ते कसतं कोण, असा अर्थ. वहिती त्यातून आली, आणि वहिवाट हा शब्द तर तालुक्याच्या कोर्टात रोज उच्चारला जातो. १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्यानंतर आपल्या भागात कित्येक घरांचं भवितव्य याच प्रश्नावर लटकलं होतं: मालकी कुणाची ते राहू द्या, वाहत कोण होतं ते सांगा.

आता देवघराकडे वळू. बेल वाहतो, फुलं वाहतो. ओझ्याचं क्रियापद इथं आलं कसं? कुणापाशी तरी नेऊन पोचवणं, या अर्थानं. देवाला लाख बेलपानं वाहिली की लाखोली वाहिली. मराठी माणसानं ते व्रत रस्त्यावर आणलं आणि शिव्यांचीही लाखोली वाहायला लागला. इतका भाविक उपरोध मला दुसऱ्या भाषेत आढळला नाही. श्रद्धांजलीही आपण वाहतोच, ती 'देणं' आता वर्तमानपत्रांनी रूढ केलंय, मला अजून ते रुचत नाही. आणि 'वाहून घेणं' पाहा. नुसतं 'वाहून गेला' म्हटलं तर पुरात गेला. 'वाहवत गेला' म्हटलं तर नादी लागला, हातचा गेला. 'वाहून घेतलं' म्हटलं की एकदम माणूस उभा राहतो, आयुष्य एका कामाला दिलेला. मूळ क्रियापद तेच आहे, सगळा फरक त्याच्या रूपानं आणि मागून येणाऱ्या सहायक क्रियापदानं केला.

चिंता आणि काळजीही आपल्याकडे वाहिली जाते. दिल्लीत निवडणुकीच्या सुमारास 'काळजीवाहू' सरकार येतं, ते कुणाची काळजी वाहतं हे मला नीट कळलेलं नाही. आयुर्विमा महामंडळाच्या बोधचिन्हाखाली गीतेच्या नवव्या अध्यायातला एक चरण असतो, त्यातलं क्रियापदही हेच. त्यावर एक आख्यायिका सांगतात. एका पंडिताला ते क्रियापद खटकलं. देव भक्ताला देईल, पण ओझं कशाला वाहील? देव काय हमाल आहे? त्यानं पोथीतल्या त्या शब्दावर रेघ ओढली आणि तो बाहेर गेला. मागं एक पोरगा धान्याचं ओझं डोक्यावर घेऊन त्याच्या दारी आला, पाठीवर वळ उमटलेला. पंडिताच्या बायकोनं विचारलं, कुणी मारलं रे बाळा? पोर म्हणालं, तुमच्याच मालकांनी. मुद्रितं तपासणाऱ्यांनी ही गोष्ट टेबलापाशी लावून ठेवावी.

आपल्याला आख्यायिकेतल्या पंडिताकडं जायचीही गरज नाही. आपण बसलो आहोत ते जनाबाईचं गाव. इथं गोदेकाठी जन्मलेली मुलगी पंढरपुरात नामदेवांच्या घरी राबली, आणि लोकांनी तिच्या विठ्ठलाला कुठलं काम दिलं? दळण, शेण्या, पाणी. राजाच्या घोड्यावर बसवलं नाही, तिच्याबरोबर पाणी वाहायला लावलं. वह् धातूचा इतका अचूक अर्थ माझ्या पाहण्यात कुठल्या कोशात आलेला नाही.

थोडं नदीबद्दल बोलतो, कारण इथं भाषा आपल्या डोळ्यांदेखत बदलते आहे. गोदावरीला आपण गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतो. 'गंगेला पाणी आलं' असं म्हणायचो. आता काय म्हणतो? 'जायकवाडीतून सोडलं.' १९७६ मध्ये पैठणचं हे धरण पुरं झालं, डावा कालवा २०८ किलोमीटर आपल्या जिल्ह्यापर्यंत आला, येलदरीनं पूर्णा अडवली, सेलूजवळ दुधना अडवली. ते व्हायला हवं होतं. उसाकडं आणि दिव्यांकडं पाहून मी नाही म्हणणार नाही. पण नदी या शब्दाचं क्रियापद बदललं. नदी 'वाहत' नाही, ती 'सोडली' जाते. कर्त्याच्या जागेवरून उठून कर्माच्या जागी बसली. बातमीत येतं, 'इतके हजार क्युसेक विसर्ग'. मराठीतून आपण विसर्ग हद्दपार करत आणला होता, 'दुःख'लासुद्धा टिंबं द्यायचा कंटाळा करतो. पाटबंधारे खात्यानं त्याला जीवदान दिलं, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे.

कालवा आला तशी चारी आली, आणि चारीबरोबर भांडण. तोंडाशी रान असलेला भिजवून घेतो, टेलवाल्याच्या पाळीला नुसती ओल पोचते. याचाही शब्द लॅटिननं घडवून ठेवला आहे. पाटाला, ओढ्याला ते रिवुस म्हणत. एकाच पाटाचं पाणी घेणारे दोघे शेजारी म्हणजे रिवालिस. रोमच्या कायद्यात त्यांच्या तंट्याची दखल आहे. तोच शब्द इंग्रजीत रायव्हल झाला, प्रतिस्पर्धी. शेजारी, भागीदार आणि वैरी एकाच शब्दात. रात्री दोन वाजता खोरं आणि बॅटरी घेऊन चारीवर गेलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

या संमेलनाकडून माझं मागणं फार मोठं नाही. हेल, खेप, चुंबळ, कावड, पखाल, हेलकरी हे शब्द तुमच्या वर्गातल्या मुलांनी आजीला विचारून उतरवून घ्यावेत. अट एकच: शब्दापुढं अर्थ लिहिताना ते काम कोण करी तेही लिहावं. दाते-कर्व्यांच्या कोशात अर्थ सापडतो, पण कुणाच्या डोक्यावरून तो शब्द आला ते दर वेळी सापडतंच असं नाही. नळ आला की हे शब्द जातील, आणि जावेत. पण नोंद झाल्यावर जावेत.

शेवटी एक कबुली देतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी सातवीच्या पेपरात 'वाहणे'चा वाक्यात उपयोग करा, असा प्रश्न मी काढला होता. साठ मुलांनी 'नदी वाहते' लिहिलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं लिहिलं होतं: सकाळपासून पाणी वाहिले, म्हणून शाळेत उशीर झाला. मी लाल शाईनं शेरा मारला, 'कर्ता नाही', आणि दोनातला दीड गुण कापला. दुसऱ्या दिवशी ती पेपर घेऊन टेबलाशी आली, काही बोलली नाही, नुसती उभी राहिली. मी तिला कर्मणी प्रयोग समजावून सांगितला. पुढच्या वर्षी ती शाळेत दिसली नाही. तो दीड गुण माझ्याकडं अजून बाकी आहे.