गणपतीला निघताना पेला हाताशी ठेवा

गणपतीच्या गाडीचं तिकीट हाती आलं की घरात सामानाची जुळवाजुळव सुरू होते. मखराचं कापड, समईच्या वाती, आजीची औषधं, मुलांचे कपडे. या सगळ्या पसाऱ्यात मला आज आणखी एका लहान पिशवीसाठी जागा मागायची आहे. तिच्यात माणशी एक स्टीलचा पेला, एक चमचा, पाण्याची बाटली आणि घरटी दोन-तीन सुती फडकी. बाजारातून नवं काही आणायला नको, फडताळात जे आहे तेच चालेल.

मी घनकचऱ्याच्या कामात आहे आणि ही यादी मी एका साध्या कसोटीवर केली आहे. भंगारवाला जे घेत नाही, ते प्रवासात आपण हातात घेऊ नये. कचरा वेगळा करायच्या शेडमध्ये पाण्याची बाटली आली की ती लगेच बाजूला निघते, कारण तिला भाव मिळतो. चहाच्या कागदी कपाला कोणी हात लावत नाही. तळाशी घोटभर चहा, कडेला वाळलेली साय, आत दुसरा कप कोंबलेला आणि त्यात बिस्किटाचा कागद. असा कप रात्रभर पाण्यात भिजत ठेवा आणि सकाळी नखाने सोलून बघा. कागदाचा लगदा सुटतो आणि हाती एक पातळ, पारदर्शक पापुद्रा राहतो. ते प्लॅस्टिक. त्याच्यामुळेच कपातून चहा गळत नाही आणि त्याच्यामुळेच तो कप रद्दीतही जात नाही.

महाराष्ट्रात मार्च २०१८मध्ये प्लॅस्टिकचे कप, ताटल्या, चमचे आणि थर्माकोल यांच्यावर बंदी आली. १ जुलै २०२२पासून अशा एकदा वापरून फेकायच्या कित्येक वस्तू देशभर बंद झाल्या. त्यांची जागा कागदी कपाने घेतली आणि आपण निर्धास्त झालो. पण २०२०मध्ये खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी अशा कपांत गरम पाणी पंधरा मिनिटं ठेवून तपासलं. शंभर मिलिलीटर पाण्यात प्लॅस्टिकचे सुमारे पंचवीस हजार सूक्ष्म कण उतरलेले आढळले. रात्रीच्या प्रवासात आपण तीन-चार वेळा चहा घेतो, लहान मुलांनाही देतो. मला वाटतं, पेला सोबत ठेवायला एवढं एक कारणसुद्धा पुरे.

आता पेला कोणता घ्यायचा? साध्या पातळ पेल्याने बोटं भाजतात आणि पहिल्याच चहाला तो पिशवीत परत जातो. म्हणून दुहेरी पत्र्याचा किंवा कान असलेला घ्या. आणि तो बर्थखालच्या बॅगेत ठेवू नका. खांद्याच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात असेल तरच तो वापरला जाईल. गाडी स्टेशनात दोन मिनिटं थांबते, चहावाल्याचा हात कपांच्या चळतीकडे गेलेला असतो. त्याच्या आधी पेला पुढे करा आणि म्हणा, ‘दादा, यातच ओता.’ बहुतेक जण आनंदाने ओततात. पिऊन झालं की बाटलीतल्या घोटभर पाण्याने पेला विसळायचा आणि फडक्यात गुंडाळायचा.

आपल्या घरांतून ही रीत होतीच. फिरकीचा तांब्या, कडीचा डबा, दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, चटणी, मेतकूट अशी शिदोरी घेऊन माणसं दोन-दोन दिवस प्रवास करत आणि मागे फार तर केळीची सालं राहत. तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई नसेल, तर त्यात ताक किंवा लिंबाचं सरबत मात्र ठेवू नका. आंबट पदार्थाला स्टीलच बरं.

पाण्याबद्दल अनेकांच्या मनात धास्ती असते आणि ती रास्त आहे. लहान मूल किंवा आजारी माणूस बरोबर असेल, तर घरून उकळून गार केलेलं पाणी भरून घ्या. ते संपलं आणि वाटेतल्या नळाचा भरवसा वाटला नाही, तर अर्ध्या लिटरच्या सहा बाटल्या घेण्यापेक्षा पाच लिटरचा एक कॅन घेऊन सगळ्यांनी आपापल्या बाटल्या भरून घ्या. विमानाने जाणाऱ्यांनाही बाटली नेता येते. आंतरराष्ट्रीय प्रवासात ती तपासणीच्या वेळी रिकामी असावी, आत गेल्यावर भरता येते.

कोकण रेल्वेबद्दल हे सगळं मी जरा आग्रहाने सांगते आहे, त्याला कारण आहे. रोह्यापासून ठोकूरपर्यंतचा हा मार्ग डोंगर फोडून, नद्या आणि ओहोळ ओलांडत गेला आहे. गणपती येतात भाद्रपदात, म्हणजे पावसाचं पाणी अजून वाहतं असतं. खिडकीतून टाकलेला कप रुळाशेजारच्या गटारातून ओढ्यात आणि ओढ्यातून खाडीत जातो. शौचालयातही काही टाकू नका. डब्यांत आता जैवशौचालयं आहेत, त्यांच्या टाकीत मैला जिवाणूंकडून कुजवला जातो. कप, गुटख्याची पुडी किंवा सॅनिटरी पॅड अडकलं की शौचालय तुंबतं आणि पुढचे सगळे तास डब्यातले सगळे प्रवासी, विशेषतः बायका, हाल सोसतात. पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यातच टाकावं.

गावी पोचल्यावर एक मोठी गोष्ट आपल्या हातात असते. आरतीला, भजनाला माणसं येतात म्हणून चाकरमानी मुंबईहून कपांची आणि द्रोणांची पुडकीच्या पुडकी घेऊन जातात. यंदा निघण्याआधी गावी एक फोन करा. बऱ्याच वाड्यांत समाजाची भांडी असतात, लग्नाकार्याला निघतात. त्यातले पन्नास पेले चार दिवसांसाठी मागून घ्या. धुवायला घरातल्या सुनांनाच बसवू नका, भजनाला आलेल्या तरुण मुलांनीही हात लावावा. प्रसादाला केळीचं पान परसात असतंच.

एवढं करूनही वेफर्सच्या पिशव्या, शाम्पूच्या पुड्या उरतात. त्यांत प्लॅस्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, त्यामुळे भंगारात त्यांना गिऱ्हाईक नाही. गावात त्या आंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीत जातात आणि तो धूर चुलीपाशी बसलेल्या बाईच्या छातीत जातो. शाम्पू घरच्याच लहान बाटलीत भरून न्या, साबणाची वडी डबीत न्या. जी वेष्टनं टाळता आली नाहीत ती झटकून, सुकवून एका कापडी पिशवीत घाला आणि परतीच्या गाडीत बरोबर आणा. आपल्या सोसायटीत सुका कचरा वेगळा नेला जात असेल, तर ती त्यात द्या. पिशवी धुऊन ठेवा, दिवाळीला पुन्हा लागेल.