अंतराळवीर व्हायचं तर

२५ जून २०२५ रोजी शुभांशू शुक्ला अंतराळात झेपावले. तसं आपल्यालाही जाता येईल का, त्यासाठी काय शिकावं लागेल, हे विचारणाऱ्या सटाणा-बागलाणच्या मुलामुलींसाठी आजचं हे बोलणं आहे.

सटाण्याहून देवळामार्गे नाशिकला जाताना पिंपळगावच्या पुढे ओझर लागतं. तिथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे. १९८४ साली अंतराळात गेलेले पहिले भारतीय राकेश शर्मा हवाई दलातून निवृत्त झाल्यावर याच कारखान्यात आले आणि १९९२ पर्यंत इथे मुख्य चाचणी वैमानिक होते. जगभर नाव झालेला हा माणूस पुन्हा रोजच्या जोखमीच्या कामाला लागला. आपल्या कामात असं मुरलेलं असणं ही अंतराळवीराची पहिली पात्रता.

चाचणी वैमानिक विमान किती ताण सोसतं हे हवेत तपासतो. काही बिघडलं तर डोकं शांत ठेवतो आणि नेमकं काय घडलं ते खाली उतरून अभियंत्यांना सांगतो. म्हणूनच माणसाला अंतराळात नेण्याच्या भारताच्या गगनयान मोहिमेचे चारही अंतराळवीर हवाई दलाच्या चाचणी वैमानिकांमधून निवडले गेले. बंगळुरूच्या विमानवैद्यक संस्थेत त्यांच्या शरीराची आणि मनाची कसून तपासणी झाली. नंतर रशियात वर्षभराहून अधिक काळ प्रशिक्षण झालं.

या वाटेचा पहिला टप्पा मात्र आपल्या महाराष्ट्रातच आहे. राकेश शर्मा आणि शुभांशू शुक्ला दोघेही खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकले. तिथल्या प्रवेशासाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा वर्षातून दोनदा होते. हवाई दलात जायचं तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच. २०२२ पासून मुलींनाही तिथे प्रवेश मिळू लागला. या परीक्षेची तयारी करून घेणारी राज्य शासनाची संस्था मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला आहे आणि मुलींसाठी आपल्या नाशिकमध्ये.

पुढची वाट लांबची आहे. शुक्ला २००६ साली हवाई दलात अधिकारी झाले. लढाऊ विमानं चालवली, चाचणी वैमानिक झाले, सुमारे दोन हजार तास उड्डाण केलं. अंतराळात पोचायला २०२५ उजाडलं. आणि तिथे त्यांनी काय केलं? शास्त्रज्ञांनी सोपवलेले प्रयोग केले. त्यात मूग आणि मेथीचं बी रुजवण्याचा प्रयोगही होता. दुसऱ्याने वर्षानुवर्षं खपून आखलेला प्रयोग चोख पार पाडणारे हात हवेत, हीसुद्धा पात्रताच.

हवाई दलात नसलेल्यांनाही हे क्षेत्र बंद नाही. हरियाणातल्या कर्नालची कल्पना चावला विमान अभियांत्रिकी शिकली, अमेरिकेत डॉक्टरेट मिळवून नासाची अंतराळवीर झाली. नासाला विज्ञान, गणित, अभियांत्रिकी किंवा वैद्यकशास्त्राचं उच्च शिक्षण आणि त्यापुढे कामाचा अनुभव लागतो. मात्र नागरिकत्व अमेरिकेचंच हवं. डॉक्टर, अभियंते, शास्त्रज्ञ यांनाही तिथे जागा असते.

एका पात्रतेचा उल्लेख कुठल्याच अर्जात नसतो. राकेश शर्मांबरोबर राखीव अंतराळवीर म्हणून रवीश मल्होत्रांनीही तीच तयारी केली, तीच रशियन भाषा शिकली. शुक्लांच्या वेळी प्रशांत नायरही असेच सज्ज होते. यान सुटलं तेव्हा दोघेही जमिनीवर राहिले. आपली जागा दुसऱ्याला मिळाली तरी त्याच्यासाठी शेवटच्या क्षणापर्यंत तयार राहायचं, याला मोठं मन लागतं. शिवाय या वाटेवर केलेले कष्ट वाया जात नाहीत. जो अंतराळात जाणार नाही, तो उत्तम वैमानिक, अभियंता किंवा डॉक्टर होईलच.

पालकांना आणि शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. दहावीनंतर विषय निवडताना, ‘गणित अवघड आहे, सोडून दे,’ असं मुलांना म्हणू नका. मुलींना तर मुळीच म्हणू नका. विद्यार्थ्यांनो, तुम्ही भौतिकशास्त्र आणि गणित मनापासून शिका, रोज मैदानावर घाम गाळा, पोहायला शिका, मराठीबरोबर आणखी एखादी भाषा आपलीशी करा. ही तयारी सटाण्यात बसून, आजपासूनच करता येते.