औषधाचा नेम



उपासतापासाचा नेम आपण चुकवीत नाही; मग औषधाचाच नेम का चुकतो, एवढेच मला आज बोलावयाचे आहे. छातीच्या विकारांच्या दवाखान्यात मी पुष्कळ वर्षे परिचारिका होते. दमा किंवा डॉक्टर ज्याला सीओपीडी म्हणतात तो जुना विकार घेऊन बायका यावयाच्या. कित्येकींनी जन्मात विडी ओढलेली नसे. चुलीचा धूर मात्र वर्षानुवर्षे छातीत घेतलेला असे.

महिन्याने विचारावे, “पंप घेता ना?” कोणी म्हणे, “बरे वाटले, म्हणून ठेवून दिला.” कोणी म्हणे, “सवय लागेल.” लग्नाच्या मुलीची आई म्हणे, “चारचौघांत कसा काढू देऊ?” आणि एकीने खाली मान घालून सांगितले, “मुलाच्या फीचा महिना होता, म्हणून दिवसाआड घेतला.” तिच्यावर मला रागावता आले नाही.

भगिनींनो, रोजचा पंप हा नुसता दम लागल्यावर घ्यावयाचा नव्हे. श्वासनलिका मोकळ्या राहतात, बरे वाटते, ते त्याच्यामुळेच. त्याचे व्यसन लागत नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या सीओपीडीच्या एका मोठ्या पाहणीत, नेमाने पंप घेणाऱ्यांपैकी शेकडा ११ जण तीन वर्षांत दगावले. चुकवणाऱ्यांपैकी शेकडा २६. त्यांतील काहींना बिनऔषधाचा पंप दिला होता, आणि त्यांच्यातही हाच फरक दिसला. म्हणून सारा गुण औषधाचाच, असे मी म्हणणार नाही. पण जो नेम पाळतो, तो बहुधा स्वतःला इतर बाबतींतही जपतो.

उपाय साधे आहेत. पंप दात घासण्याच्या ब्रशाजवळ ठेवावा. पंपानंतर चूळ भरावयाची असते, तीही मग विसरत नाही. फवाऱ्याचा पंप असल्यास आधी श्वास सोडावा, औषध हळू ओढावे, आणि दहा अंक मोजेपर्यंत श्वास रोखावा. जमत नसेल तर डॉक्टरांकडून स्पेसरचे नळकांडे मागून घ्यावे. पैशांची अडचण असेल तर ती लपवू नये. स्वस्त पर्याय आहे का, जनऔषधी दुकानात मिळेल का, हे विचारावे.

घरातील बाई सर्वांची औषधे लक्षात ठेवते, स्वतःचे शेवटी. तेव्हा हळदीकुंकवाला भेटलो, तर साडीच्या चौकशीबरोबर शेजारणीला एवढेही विचारू या : “आज पंप घेतलात ना?”