चतकोर भाकरी आणि पाव तास



शिरूर-दौंडच्या बाजरीच्या मुलखात अपूर्णांकांचा पहिला पाठ चुलीपाशीच होतो. भाकरी मोडली की अर्धी, पुन्हा मोडली की चतकोर. ही चतकोर नीट पाहावी. तिचे मधले टोक काटकोनाचे असते. घड्याळात बारापासून तीनपर्यंत तोच काटकोन, आणि मोठ्या काट्याचा पाव तासही तोच. एवढे हाताने जाणणारे मूल फळ्यावरचा १/४ पाहून गांगरते, तेव्हा उणीव मुलाची नव्हे, अध्यापनाची.

पूर्वी शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी मुखोद्गत करवून घेत. त्यात घोकंपट्टी फार, हे मान्य. परंतु तिच्यामागे व्यवहार उभा होता. रुपयाचे आणे सोळा, चार आण्यांची पावली. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर पैसे झाले. पंचवीस पैशांचे नाणेही जून २०११अखेर चलनातून बाद झाले. आजच्या मुलाने पाव रुपया हातात धरलेलाच नाही! म्हणून त्याच्यापुढे शंभराची नोट ठेवावी. तिचा पाव म्हणजे दहाच्या दोन नोटा आणि पाचाचे एक नाणे.

वेळेचे प्रकरण थोडे अवघड. मूल ‘साडेएक’ म्हणाले तर हसू नये. साडेतीन, साडेचार ऐकून त्याने नियम ओळखलेला असतो. दीड आणि अडीच हे भाषेचे अपवाद. दौंड स्थानकावर १७:४५ असे दिसले, तर आधी त्यातून बारा वजा करवावेत. मग विचारावे, सहाला किती कमी? मोठा काटा कोठे असेल?