डिझरायली : कादंबरीकार आणि पंतप्रधान
(अकादमीच्या वार्षिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



साहित्यिक आणि सत्ता या विषयावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. बहुधा सत्तेने साहित्यिकाचे काय केले, हेच आपण बोलतो. साहित्यिकाच्या हाती सत्ता आल्यावर त्याने तिचे काय केले, याची उदाहरणे थोडी आहेत. त्यांतले एक ठळक उदाहरण म्हणजे बेंजामिन डिझरायली. कादंबऱ्या लिहीत लिहीत तो दोनदा इंग्लंडचा पंतप्रधान झाला आणि त्या पदावरून उतरल्यावर दोन्ही वेळा पुन्हा कादंबरीकडे वळला. मी गेली सत्तावीस वर्षे महाविद्यालयात कादंबरी शिकवते. माझ्या विद्यार्थ्यांना डिझरायली भेटतो तो इतिहासाच्या पुस्तकात, व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी करणारा पंतप्रधान म्हणून. आज मी त्याच्याकडे कादंबरीकार म्हणून पाहणार आहे. कारण त्याच्या राजकारणातले बळ आणि उणीव, दोन्ही त्याच्या कादंबऱ्यांत आधीच दिसतात, असे माझे मत आहे.

डिझरायलीचा जन्म २१ डिसेंबर १८०४ रोजी लंडनमध्ये एका ज्यू कुटुंबात झाला. आजोबा इटलीहून आलेले. वडील आयझॅक हे ग्रंथांत रमणारे लेखक. त्यांचे सिनेगॉगशी भांडण झाले आणि त्यातून १८१७मध्ये मुलांचा बाप्तिस्मा झाला. बेंजामिन तेव्हा बारा वर्षांचा होता. ही घटना घडली नसती तर पुढचे काहीच घडले नसते, कारण ख्रिस्ती पद्धतीची शपथ घेतल्याशिवाय पार्लमेंटमध्ये बसता येत नसे आणि ज्यूंसाठी ती अट १८५८पर्यंत उठली नव्हती. तरीही नाव, चेहरा आणि वंश यांवरून त्याला आयुष्यभर डिवचले गेले. त्याने ते लपवले नाही. १८४७मध्ये ज्यूंना सभागृहात बसू द्यावे की नाही हा प्रश्न आला, तेव्हा आपल्याच पक्षाच्या बहुसंख्य सभासदांचा रोष पत्करून तो त्यांच्या बाजूने बोलला आणि त्यांच्याच बाजूने मत दिले.

ईटन, हॅरो, ऑक्सफर्ड, केंब्रिज ही त्या काळच्या राज्यकर्त्यांची वाट. डिझरायली यांपैकी कुठेच गेला नाही. सतराव्या वर्षी तो वकिलांच्या कचेरीत उमेदवारीला लागला. दक्षिण अमेरिकेतल्या खाणींच्या शेअर्समध्ये सट्टा करून १८२५मध्ये बुडाला आणि कित्येक वर्षे ते कर्ज फेडत राहिला. १८२६मध्ये 'व्हिव्हियन ग्रे' ही कादंबरी निनावी प्रसिद्ध झाली. एका महत्त्वाकांक्षी तरुणाची ही कथा आधी गाजली. लेखक कोण हे कळल्यावर तिची टवाळी झाली. निवडणुकांत तो एकामागून एक हरला आणि अखेर १८३७मध्ये मेडस्टोनमधून निवडून आला. त्याच वर्षी ७ डिसेंबरला कॉमन्स सभागृहात केलेले पहिले भाषण आरडाओरड आणि हशा यांत बुडाले. खाली बसताना तो मोठ्याने म्हणाला, की तुम्हाला माझे ऐकावे लागेल असा दिवस येईल. तो दिवस यायला साडेआठ वर्षे लागली.

मधल्या काळात त्याने आपल्या सर्वांत महत्त्वाच्या कादंबऱ्या लिहिल्या. 'कनिंग्जबी' १८४४मध्ये, 'सिबिल' १८४५मध्ये आणि 'टँक्रेड' १८४७मध्ये आली. 'सिबिल'चे उपशीर्षक आहे 'दोन राष्ट्रे'. ही दोन राष्ट्रे म्हणजे एकाच इंग्लंडात राहणारे श्रीमंत आणि गरीब. एकमेकांच्या घरात काय शिजते, हे दोघांनाही माहीत नाही. ही कादंबरी लिहिताना डिझरायलीने सरकारी चौकशी समित्यांचे अहवाल समोर ठेवले होते. निळ्या कव्हरामुळे त्यांना 'ब्ल्यू बुक्स' म्हणत. खाणीत काम करणारी मुले, मजुरी रोख न देता मालकाच्याच दुकानातला महाग आणि निकृष्ट माल घ्यायला लावण्याची रीत, कुबट खोल्यांत राहणारी विणकरांची कुटुंबे हे सगळे त्याने त्या कागदांतून उचलले आणि माणसांच्या तोंडी घातले. धूळ खात पडले असते असे अहवाल त्याने दिवाणखान्यात नेऊन पोहोचवले.

पण 'सिबिल'चा शेवट आठवा. नायक उमराव घराण्यातला, नायिका चार्टिस्ट चळवळीतल्या एका कामगार पुढाऱ्याची मुलगी. दोन राष्ट्रांचे मीलन होणार असे वाटत असतानाच कागदपत्रे सापडतात आणि नायिका मुळात मोठ्या जहागिरीची वारस असल्याचे निघते. वडील दंगलीत मारले जातात, जहागीर तिला मिळते, लग्न होते. म्हणजे लग्न लागते ते श्रीमंताचे श्रीमंताशीच! दुखणे इतके अचूक ओळखणाऱ्या लेखकाने उपाय मात्र अद्भुतकथेतून आणला. वर्गात हा शेवट शिकवताना विद्यार्थी हसतात. मी त्यांना सांगते, हसा, पण हा शेवट लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

१८४६मध्ये पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी परदेशी धान्यावरची जकात हटवण्याचे ठरवले. हुजूर पक्षातले जमीनदार खवळले. त्यांना वाचा दिली डिझरायलीने. पील यांनी १८४१मध्ये त्याला मंत्रिपद दिले नव्हते, हेही विसरता येत नाही. त्याची उपरोधिक भाषणे ऐकायला सभागृह आता गप्प बसे. धान्य कायदे रद्द झालेच. पण पील यांचे सरकार पडले आणि पक्ष फुटला. पील यांच्यामागून गेलेल्यांत ग्लॅडस्टन होता. या दोघांची पुढची तीस-पस्तीस वर्षांची झुंज सर्वांना ठाऊक आहे, तिच्यात मी शिरत नाही.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे भाषण आहे २७ जुलै १८५७चे. हिंदुस्थानातल्या उठावाच्या बातम्या नुकत्याच लंडनला पोहोचल्या होत्या आणि हवा सूडाची होती. विरोधी बाकावरून उठून डिझरायलीने विचारले, हे शिपायांचे बंड आहे की राष्ट्राचा उठाव? चरबी लावलेल्या काडतुसांनी साम्राज्ये कोसळत नसतात, असे त्याचे म्हणणे होते. संस्थाने खालसा करणे, दत्तकाचा हक्क नाकारणे, जमिनींची जुनी घडी विस्कटणे आणि लोकांच्या धर्माशी खेळणे ही कारणे त्याने मांडली. सातारा, झाशी, नागपूर ही नावे ज्यांच्या घरच्या आठवणीत आहेत, त्यांना या निदानाचे मोल सांगायला नको. हिंदुस्थानात पाऊलही न ठेवलेल्या माणसाने हे कसे ओळखले? मला वाटते, 'सिबिल' लिहिणारीच ही नजर आहे. दंगल दिसली की तिच्या मागचे घर पाहायचे, ही कादंबरीकाराची सवय.

त्याच भाषणात त्याने उपायही सुचवला. हिंदी लोकांना राणीशी थेट जोडा; त्यांचे कायदे, चालीरीती आणि धर्म यांचा मान राखला जाईल असे राणीच्या नावाने सांगा. इथे 'टँक्रेड' आठवते. त्या कादंबरीतला फक्रेद्दीन हा अमीर म्हणतो, की इंग्लंडच्या राणीने आपली राजधानी लंडनहून दिल्लीला न्यावी. १८४७मध्ये ती एका पात्राची गंमतीदार कल्पना होती. तीस वर्षांनी तिचा अर्धा भाग खरा झाला.

१८६७मध्ये त्याने मताधिकाराचा कायदा संमत करून घेतला आणि मतदारांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. १८६८मध्ये तो काही महिने पंतप्रधान होता. १८७४मध्ये मात्र स्पष्ट बहुमत मिळाले. १८७५चे सार्वजनिक आरोग्य, कामगारांची घरे, अन्नभेसळ आणि कामगार संघटनांचे हक्क यांविषयीचे कायदे या सरकारचे. त्यांचे तपशील गृहमंत्री रिचर्ड क्रॉस आणि इतर सहकाऱ्यांनी तयार केले. डिझरायलीला कलमांचा कंटाळा होता. तरी 'सिबिल'मधल्या कुबट खोल्यांना मिळालेले हे खरे उत्तर होते. त्यात जहागीर नाही, लग्न नाही. गटारे आहेत, नळाचे पाणी आहे. मी त्याची सर्वांत चांगली अक्षरे याच रुक्ष कायद्यांत वाचते.

त्याच सुमारास त्याने सुएझ कालव्याचे शेअर्स ४० लाख पौंडांना विकत घेतले, १८७६मध्ये राणीला सम्राज्ञी पदवी देणारा कायदा केला आणि हिंदुस्थानात व्हाइसरॉय म्हणून लॉर्ड लिटन यांना पाठवले. लिटन हे 'ओवेन मेरेडिथ' या टोपणनावाने लिहिणारे कवी आणि कादंबरीकार बुल्वर लिटन यांचे चिरंजीव. पंतप्रधान कादंबरीकार, व्हाइसरॉय कवी! असा योग पुन्हा आला नाही.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत दरबार भरला. ग्वाल्हेरचे शिंदे आणि इंदूरचे होळकर तिथे होते. १८७५मध्ये गादीवर आलेले, अजून चौदाही पूर्ण न झालेले बडोद्याचे सयाजीरावही होते. दत्तकाने आलेल्या या बालराजाला 'फर्जंद-ई-खास' ही पदवी मिळाली. आणि त्याच दिवसांत सोलापूर, कलादगी, बेळगाव, धारवाड, निजामाचा मुलूख, म्हैसूर आणि मद्रास इलाखा दुष्काळात होरपळत होते. खर्चात काटकसर म्हणून सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराचे धान्य दिवसाला एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी केले. पुढे दुष्काळ आयोगानेच ब्रिटिश मुलखातले बळी ५० लाखांहून अधिक मोजले.

दरबारात पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, खादीच्या पोशाखात हजर होते. ब्रिटिश प्रजेला जे राजकीय आणि सामाजिक स्थान आहे ते हिंदी प्रजेला द्यावे, अशी मागणी त्यांनी मांडली. याच सभेने दुष्काळी भागांतून माहिती गोळा करून सरकारला पाठवली होती. एका अर्थाने त्या आपल्या 'ब्ल्यू बुक्स'च होत्या. पुढच्या वर्षी उत्तर आले ते देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर बंधन घालणाऱ्या कायद्याचे. इंग्रजी पत्रे त्यातून वगळली होती. मराठी लिहिणाऱ्याची लेखणी एका कवीने बांधली. १८८२मध्ये तो कायदा रद्द झाला.

दुष्काळाचे प्रत्यक्ष धोरण लिटन आणि टेंपल यांचे, हे मान्य. पण सरकार डिझरायलीचे होते आणि दरबारामागची कल्पनाही त्याचीच. इथे 'सिबिल'चा शेवट परत भेटतो. राज्यकर्ते आणि रयत ही दोन राष्ट्रे आहेत हे त्याने १८५७मध्ये ओळखले होते. त्यांना जोडण्यासाठी त्याने जे दिले, ती पुन्हा एक पदवी, एक समारंभ, वारसाहक्काचा एक कागद होता. इंग्लंडच्या गरिबांना अखेर गटारांचा कायदा मिळाला, कारण १८६७नंतर त्यांतल्या पुष्कळांच्या हाती मत होते. सोलापूरच्या विणकराच्या हाती ते नव्हते.

१८७८मध्ये बर्लिन परिषदेत डिझरायलीचा मोठा सन्मान झाला, १८८०च्या निवडणुकीत पराभव झाला. त्याच वर्षी 'एंडिमियन' ही त्याची शेवटची पूर्ण कादंबरी आली आणि १९ एप्रिल १८८१ रोजी त्याचे निधन झाले.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. 'सिबिल' शिकवताना तिच्याशेजारी सार्वजनिक सभेचे त्या वर्षांतले दुष्काळाचे वृत्तान्त ठेवा. त्यांत नायिका नाही, दडलेली जहागीर नाही. गावांची नावे, धान्याचे भाव आणि गाव सोडून गेलेल्या माणसांचे आकडे आहेत. मग विद्यार्थ्यांना विचारा, यांतला कोणता मजकूर वाचकाला सुखाने झोपू देतो आणि का? हा प्रश्न डिझरायलीपुरता नाही. दुःख पाहिल्यावर आपण लेखक त्याला कोणता शेवट देतो, हे प्रत्येकाने स्वतःच्या लेखनात तपासायचे आहे.