सफरचंदाचा मसाल्याचा गर

महागाचें फळ हौसेनें आणावें आणि चार दिवसांनीं मऊ पडलें म्हणून टाकून द्यावें, हा तोट्याचा व्यवहार शहरांतील पुष्कळ घरांत चालतो. सफरचंदाच्या बाबतींत तर त्याला कांहींच कारण नाहीं. अशा फळांचा युरोप-अमेरिकेंत ‘ॲपल सॉस’ करतात. नांवावरून पातळ चटणीची कल्पना होते. परंतु तो शिजलेल्या सफरचंदाचा गरच होय. इंग्लंडांत तो डुकराच्या भाजलेल्या मांसाबरोबर, तर पूर्व युरोपांतील ज्यू घराण्यांत हनुक्काच्या सणाला बटाट्याच्या धिरड्यांबरोबर वाढतात.

सॅम्युअल स्टोक्स यांनीं १९१६ सालीं सिमल्याजवळ कोटगढ येथें अमेरिकन सफरचंदांची लागवड सुरू केली. हिमाचलांत गोड लाल फळांचा प्रसार झाला तो त्यानंतर. या फळांत आंबटपणा कमी असतो, म्हणून गरांत लिंबाचा रस अवश्य घालावा.

एक किलो फळें सोलून बिया व मधला कठीण भाग काढावा. निम्म्या फळांच्या बारीक फोडी कराव्या, उरलेल्यांच्या सुपारीएवढ्या ठेवाव्या. काळ्या पडूं नयेत म्हणून सर्वांना एका लिंबाचा रस लावावा. जाड बुडाच्या पातेल्यांत बारीक फोडी, अर्धी वाटी पाणी, पाव वाटी साखर, दालचिनीचा बोटभर तुकडा, चार लवंगा व चिमूटभर मीठ घालून झांकण ठेवावें आणि मंद आंचेवर शिजवावें. दहा मिनिटांनीं मोठ्या फोडी घालाव्या. पहिल्या विरघळून गर होतो, दुसऱ्या अखंड राहतात. आणखी दहा मिनिटांनीं कांहीं फोडी डावानें चेपाव्या, दालचिनी-लवंगा काढून टाकाव्या आणि वर किंचित् जायफळ किसावें.

मुरांब्यांत साखर फळाच्या जवळजवळ बरोबरीनें पडते, म्हणून तो टिकतो. येथें साखर थोडी. तेव्हां हा गर शीतकपाटांत ठेवून चार-पांच दिवसांत संपवावा.

काटकसरीलाही मर्यादा आहे. आदळून मऊ पडलेला डाग कापून काढला म्हणजे फळ चालतें. बुरशीनें कुजलेलें मात्र चालत नाहीं. त्या बुरशींतून पॅट्युलिन नांवाचें विष उत्पन्न होतें. तें कुजक्या भागाबाहेरही पसरूं शकतें आणि शिजविल्यानें पूर्ण नष्ट होत नाहीं. असा मऊ गर बहुधा लहान मुलांच्या व आजाऱ्यांच्याच वाट्यास जातो. म्हणून कोणतें फळ पातेल्यांत जावें व कोणतें केराच्या टोपलींत, याचा निवाडा चूल पेटविण्यापूर्वींच झाला पाहिजे.